रिकामा समुद्र

एप्रिल १९१७ च्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेचे अॅडमिरल विल्यम सिम्स लंडनमध्ये ब्रिटिश नौदलाचे प्रमुख जॉन जेलिको यांना भेटायला गेले. अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरून मोजके दिवस झाले होते. जेलिकोंनी खणातून एक कागद काढून सिम्स यांच्या हाती दिला. त्यावर बुडालेल्या जहाजांचे आकडे होते, आणि ते वर्तमानपत्रांत येणाऱ्या आकड्यांच्या तिप्पट-चौपट होते. हे असेच चालले तर युद्ध पुढे रेटणे अशक्य आहे, असे जेलिकोंनी शांतपणे सांगितले. उपाय विचारला, तेव्हा त्यांच्याकडे तो नव्हता.

त्या एका महिन्यात साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजे तळाला गेली. ब्रिटनमधून दूरच्या सफरीवर निघणाऱ्या दर चार जहाजांपैकी एक परतत नव्हते. ब्रिटन हे बेट; गहू, मांस, कापूस, तेल, लोखंडाचे खनिज सारे समुद्रावरून यायचे. डिसेंबर १९१६ मध्ये जर्मन नौदलाचे प्रमुख हेनिंग फॉन होल्टझेनडॉर्फ यांनी कैसरपुढे हिशेब मांडला होता: दरमहा सहा लाख टन जहाजे बुडवत राहिलो, तर पाच महिन्यांत ब्रिटन तहाला येईल. या हिशेबावर विसंबून १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पाणबुड्यांना मोकळे रान दिले. तटस्थ देशाचे जहाज असो की प्रवासी बोट, इशारा न देता बुडवा, असा हुकूम होता. त्यामुळे अमेरिका युद्धात ओढली जाईल हे जर्मन नेत्यांना ठाऊक होते. अमेरिकी फौज युरोपात उतरण्याआधीच खेळ संपलेला असेल, असा त्यांचा अंदाज होता.

त्याआधीची अडीच वर्षे पाणबुडीचा वापर कसा करावा याबद्दल जर्मनीचेच एकमत नव्हते. जुना सागरी रिवाज असा की व्यापारी जहाज आधी थांबवायचे, कागद तपासायचे, माणसांना सुखरूप होड्यांत उतरवायचे आणि मगच जहाज बुडवायचे. पाणबुडीसाठी हा रिवाज जिवावर बेतणारा होता. तिचे कवच पातळ. वर येऊन विचारपूस करताना समोरून तोफेचा एक गोळा बसला तरी ती संपली. लपून राहण्यातच तिची सगळी ताकद होती. सप्टेंबर १९१४ मध्ये ऑटो वेडिगेन या कप्तानाच्या एकट्या यू-९ ने सव्वा-दीड तासात तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या, तेव्हा जगाला ती ताकद दिसली. त्या सकाळी १,४५९ नौसैनिक मेले. ७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ 'लुसिटानिया' अठरा मिनिटांत बुडाली आणि १,१९८ जीव गेले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला मुंबईकडे निघालेली पी अँड ओ कंपनीची 'पर्शिया' क्रीट बेटाच्या दक्षिणेला, दुपारच्या जेवणाच्या वेळी, कुठलाही इशारा न देता बुडवली गेली. ५१९ माणसांपैकी ३४३ गेली. 'लुसिटानिया' शाळेच्या पुस्तकात आहे. 'पर्शिया' मुंबईलाच यायची होती, तरी आपल्याकडे तिचे नावही फारसे कुणाच्या कानावर नसते.

पाणबुडीयुद्ध म्हटले की टॉर्पेडो, पेरिस्कोप आणि धाडसी कप्तान डोळ्यांपुढे येतात. पण दोन्ही महायुद्धांत हार-जीत ठरली ती एका साध्या प्रश्नावर: अफाट समुद्रात कोण कुणाला आधी शोधतो? जेलिकोंना हवे असलेले उत्तरही याच प्रश्नात दडले होते.

ते उत्तर जुनेच होते. शिडाच्या जहाजांच्या काळापासून व्यापारी जहाजे ताफ्याने, लढाऊ जहाजांच्या राखणीत नेण्याची रीत होती. तरी १९१७ साली नौदलातले बडे अधिकारी तिला ठाम विरोध करत होते. चाळीस जहाजे एकत्र नेणे म्हणजे शत्रूपुढे चाळीस सावजे एकाच ठिकाणी ठेवणे, असे ते म्हणत. सगळ्यांनी सर्वांत संथ जहाजाच्या चालीने चालायचे. रात्री दिवे मालवून ओळ धरून जहाज हाकण्याची व्यापारी कप्तानांना सवय नाही. आणि दर आठवड्याला अडीच हजार जहाजे ब्रिटनच्या बंदरांत येतात, अडीच हजार बाहेर पडतात. एवढ्यांना पुरतील इतक्या विनाशिका आणायच्या कुठून? हा शेवटचा मुद्दा बिनतोड वाटे. कमांडर रेजिनाल्ड हेंडरसन यांनी तो आकडा खोलात जाऊन तपासला, तेव्हा किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारी लहानसहान जहाजेही त्यात प्रत्येक बंदरागणिक मोजलेली निघाली. महासागर ओलांडून येणारी जहाजे होती दिवसाला वीसच्या आसपास. तेवढ्यांची राखण सहज जमणारी होती. फुगवलेला एक आकडा कुणी तपासला नाही, म्हणून कित्येक महिने माणसे बुडत राहिली, हे वाचताना आजही चीड येते.

सावजे एका ठिकाणी गोळा होण्याचा धोका खरा किती होता, हे पाणबुडीच्या बाजूने पाहिले की कळते. पाणबुडीच्या मनोऱ्यावर उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून पाचेक मीटर उंच असतात. तिथून क्षितिज आठ किलोमीटरवर संपते. जहाजाची डोलकाठी आणि धूर त्याहून थोडे दुरून दिसतात, इतकेच. चाळीस जहाजे सुटी निघाली तर समुद्रावर दिसण्याच्या हद्दीची अशी चाळीस वर्तुळे फिरत राहतात, आणि त्यांतल्या कुठल्या ना कुठल्या वर्तुळात पाणबुडीची गाठ पडतेच. तीच चाळीस जहाजे सात-आठ किलोमीटर रुंदीच्या एका ताफ्यात आणली की वर्तुळ एकच उरते, आणि तेही किंचितच मोठे. बाकीचा सारा समुद्र रिकामा होतो. दिवसचे दिवस पाणबुडी फिरत राहते आणि तिला काही दिसत नाही. नशिबाने ताफा दिसलाच, तरी एक-दोन जहाजांवर नेम धरेपर्यंत विनाशिका अंगावर येतात आणि तिला खोल बुडी मारावी लागते.

पहिला प्रायोगिक ताफा १० मे १९१७ रोजी जिब्राल्टरहून निघाला आणि एकही जहाज न गमावता पोहोचला. पुढे ताफ्यातून महासागर ओलांडणाऱ्या जहाजांचे नुकसान शंभरात एकाहूनही कमी राहिले. होल्टझेनडॉर्फ यांचे पाच महिने उलटून गेले आणि ब्रिटन उभा राहिला.

हा धडा एका जर्मन कप्तानाच्या मनावर कायमचा कोरला गेला. कार्ल डोनिट्झ ऑक्टोबर १९१८ मध्ये भूमध्य समुद्रात एका ताफ्यावर चालून गेला. त्याची यूबी-६८ निकामी झाली आणि तो ब्रिटिशांच्या कैदेत पडला. ताफे सुरू झाल्यावर समुद्र एकाएकी ओसाड झाला, असे त्याने पुढे आपल्या आठवणींत लिहिले. तोडही त्यानेच शोधली. शोधायला पाणबुड्यांची लांबच लांब रांग पसरायची. ज्या पाणबुडीला ताफा दिसेल तिने हल्ला न करता मागे लागायचे आणि बिनतारी संदेशाने खबर द्यायची. मग सगळ्यांनी गोळा होऊन रात्री एकदम तुटून पडायचे. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मन पाणबुड्यांचा प्रमुख होता, आणि हेच लांडग्यांच्या कळपाचे डावपेच म्हणून गाजले.

त्या काळच्या पाणबुडीबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. ती बहुतेक वेळ पाण्याच्या वरच असे. डिझेल इंजिनाला हवा लागते. पाण्याखाली फक्त बॅटरीवरची मोटर. डोनिट्झच्या दलातली नेहमीची टाइप सात-सी ही पाणबुडी पृष्ठभागावर ताशी सतरा नॉटने पळे, पण पाण्याखाली जेमतेम सात नॉटने, तेही थोडाच वेळ. चार नॉटच्या चालीने ऐंशी सागरी मैल कापले की बॅटरी संपलीच. म्हणजे बुडी मारलेली पाणबुडी मालवाहू जहाजाच्याही मागे पडे. सदुसष्ट मीटर लांबीच्या त्या नळीत पन्नासेक माणसे राहत. एकाची पाळी सुरू झाली की त्याच्या उबदार बिछान्यात दुसरा शिरे. दोन संडासांपैकी एकात निघताना धान्य-डबे भरलेले असत, ते खाऊन संपेपर्यंत सगळ्यांना एकच.

ब्रिटिशांचा भरवसा होता अॅस्डिकवर. हे यंत्र पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालची पाणबुडी हुडके. डोनिट्झच्या पाणबुड्या रात्री वर राहूनच हल्ला करू लागल्या आणि अॅस्डिक निरुपयोगी ठरले. काळ्या पाण्यावर तो बुटका मनोरा पहाऱ्यावरच्या डोळ्यांनाही दिसेना. ऑक्टोबर १९४० मध्ये कॅनडाहून निघालेल्या एससी-७ या ताफ्यातल्या ३५ जहाजांपैकी २० बुडाली. ऑटो क्रेश्मर हा कप्तान तर थेट ताफ्याच्या रांगांमध्ये शिरून आतून टॉर्पेडो सोडत होता.

महिनाभर आधी, १७ सप्टेंबरच्या रात्री, 'सिटी ऑफ बनारस' बुडाली होती. बॉम्बहल्ल्यांपासून दूर, कॅनडात पाठवलेली ९० मुले तिच्यावर होती. राखणीची लढाऊ जहाजे त्याच दिवशी ताफा सोडून गेली होती, आणि रात्री दहाच्या सुमारास यू-४८ चा टॉर्पेडो बसला. वादळी हवेत होड्या उतरवताना काही उलटल्या. बारा नंबरच्या होडीत ४६ माणसे होती: सहा मुलगे, त्यांची सोबत करणारी पियानोशिक्षिका मेरी कॉर्निश, एक पाद्री, जहाजाचा एक अधिकारी, आणि बाकी बहुतेक भारतीय खलाशी. वल्ही मारायला जागा नव्हती. दांडे पुढे-मागे ढकलून फिरणारा पंखा होडीला होता, तो माणसे पाळीपाळीने चालवत. पाणी घोटभर, बिस्किटाबरोबर एखादा सार्डिन मासा. मेरी कॉर्निश पोरांचे गारठलेले पाय चोळत राहिली आणि एका शूर नायकाची गोष्ट रोज थोडी थोडी रचून सांगत राहिली. आठव्या दिवशी एका सुंदरलँड विमानाने त्यांना पाहिले. नव्वद मुलांपैकी तेरा वाचली, त्यांतली सहा या होडीतली. सुती कपड्यांतले कितीतरी भारतीय खलाशी इतर होड्यांत थंडीनेच गेले.

हे खलाशी कोण होते? युद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा जवळजवळ दर चौथा माणूस हिंदुस्थानातला होता. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, गुजरातचे, मलबारचे लोक डेकवर. सिल्हेट आणि पंजाबकडचे आगवाले खाली बॉयलरपाशी. स्वयंपाकघरात आणि वाढायला गोवेकर. मुंबईत धोबीतलावच्या कूड नावाच्या वसतिगृहांमध्ये गावागावातले गोवेकर बोटीची वाट पाहत पथाऱ्या टाकून असत. सारंग माणसे भरती करी, टंडेल त्याच्या हाताखाली. पगार गोऱ्या खलाशाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. १९३९ च्या शरदात युद्ध सुरू होताच या खलाशांनी ब्रिटनच्या बंदरांत पगारवाढीसाठी संप केले आणि शेकडो जण तुरुंगात गेले. टॉर्पेडो बसे तो बहुधा जहाजाच्या मध्यभागी, इंजिनघराच्या बाजूला. तेव्हा खालचा आगवाला वर येण्याची आशा सगळ्यांत कमी. दुसऱ्या महायुद्धात सहा हजारांहून अधिक भारतीय खलाशी मेले. मुंबईतल्या खलाशांच्या स्मारकात ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशांची नावे आहेत. कोकणातल्या घराघरांतून गेलेल्या या माणसांना आपल्या युद्धकथांत जागा मिळालेली नाही, आणि ती मिळायला हवी असे मला मनापासून वाटते.

शोधाच्या या शर्यतीतला सर्वांत विलक्षण डाव खेळला गेला तो लिव्हरपूलमधल्या एका खोलीच्या फरशीवर. क्षयामुळे नौदलातून निवृत्त केलेले कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांना जानेवारी १९४२ मध्ये डर्बी हाउसच्या वरच्या मजल्यावर जागा दिली गेली आणि जर्मन पाणबुड्या नेमके काय करतात ते शोधून काढा, असे सांगितले गेले. हाताखाली नौदलाच्या महिला दलातल्या तरुणी, काही तर विशीच्याही आतल्या. त्यांनी फरशीवर चौकटी आखल्या. दहा इंच म्हणजे एक सागरी मैल. लाकडी जहाजे मांडली. भोवती कापडाचे पडदे लावून त्यांना लहान फटी ठेवल्या. प्रशिक्षणाला आलेला अधिकारी पडद्यामागून फटीतून पाही. रात्री जहाजाच्या ब्रिजवरून जेवढे दिसेल तेवढेच त्याला दिसे. प्रत्येक खेळीला दोन मिनिटे. हुकूम चिठ्ठीवर लिहून द्यायचा. मुली जहाजे सरकवत आणि खडूने मार्ग आखत. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने, कारण तो तपकिरी फरशीवर पडद्यामागून दिसत नसे.

रॉबर्ट्स, जीन लेडलॉ आणि जॅनेट ओकेल यांनी आधीच्या लढायांचे अहवाल घेऊन बुडालेली जहाजे फरशीवर ठेवून पाहिली. नौदलाचा समज असा की पाणबुडी ताफ्याच्या बाहेरून, दुरून टॉर्पेडो टाकते. पण टॉर्पेडोचा पल्ला लक्षात घेता ताफ्याच्या मधले जहाज तसे बुडतच नव्हते. पाणबुडी आतच असली पाहिजे, आणि ती शिरत असली पाहिजे मागून, कारण पहाऱ्याचे डोळे सगळे पुढे. मग तिला पकडायचे कसे तेही फरशीवरच बसवले गेले, आणि लेडलॉ यांनी त्या डावाला 'रास्पबेरी' असे नाव दिले. अॅडमिरल मॅक्स हॉर्टन हे स्वतः पहिल्या महायुद्धातले नामवंत पाणबुडी कप्तान. ते एकदा या फरशीवर पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले आणि ओकेलने त्यांना दर वेळी बुडवले. पुढे सुमारे पाच हजार अधिकारी या खोलीत शिकून अटलांटिकवर गेले. एकही समुद्रसफर न केलेल्या या मुलींनी किती जीव वाचवले, याचा हिशेब कुठल्याच कागदावर मांडता येणार नाही.

बाकीची साधने याच सुमारास हाताला येत होती. कळपाला जोडून ठेवणारा बिनतारी संदेशच कळपाचा घात करू लागला, कारण प्रत्येक संदेशातून पाणबुडीची दिशा कळे आणि राखणीच्या जहाजांवर आता दिशाशोधक यंत्रे होती. एनिग्मा यंत्राने सांकेतिक केलेले हुकूम ब्लेचली पार्कमध्ये वाचले जात. फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मनांनी यंत्रात चौथे चाक घातले आणि दहा महिने ब्रिटिशांना काही वाचता येईना. ३० ऑक्टोबर १९४२ रोजी भूमध्य समुद्रात बुडत्या यू-५५९ मध्ये उतरून टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर यांनी सांकेतिक पुस्तके वर दिली. ते दोघे पाणबुडीबरोबर गेले, पण त्या पुस्तकांनी कोंडी फुटली. जर्मन गुप्तलेखवाचकही गप्प नव्हते. ब्रिटिश ताफ्यांचे संदेश ते वाचत होते. मार्च १९४३ मध्ये दोन ताफ्यांतली मिळून २२ जहाजे बुडाली.

त्यानंतर दोनच महिन्यांत सारे उलटले. दहा सेंटिमीटर लहरींचे रडार विमानांवर बसले, आणि त्याची चाहूल जर्मन यंत्रांना लागत नव्हती. लांब पल्ल्याची लिबरेटर विमाने अटलांटिकच्या मध्यावर, जिथे आजवर विमान पोहोचत नव्हते, तिथे घिरट्या घालू लागली. पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाने आकडे मांडून दाखवले की सरासरी ३२ जहाजांच्या ताफ्यात अडीच टक्के जहाजे जातात आणि ५४ च्या ताफ्यात १.१ टक्के. ताफा वाढला तरी त्याचा परीघ, म्हणजे राखायची हद्द, त्या मानाने थोडीच वाढते. ताफे मोठे झाले. मे १९४३ मध्ये ४१ पाणबुड्या बुडाल्या. त्यांतल्या यू-९५४ वर डोनिट्झचा मुलगा पीटर होता. ज्या एससी-१३० ताफ्यावर ती चालून गेली, त्याचे एकही जहाज गेले नाही. २४ मे रोजी डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या. युद्ध संपेपर्यंत जर्मनीच्या चाळीस हजार पाणबुडी सैनिकांपैकी अठ्ठावीस-तीस हजार मेले होते.

हिंदी महासागरात मात्र राखण विरळ होती आणि जहाजे अजून एकेकटी निघत. २० नोव्हेंबर १९४२ रोजी 'तिलावा' ही बोट मुंबईहून आफ्रिकेला निघाली. दुकानदार, कारागीर, बायका-मुले, खलाशी मिळून साडेनऊशेच्या वर माणसे. २३ तारखेच्या पहाटे आय-२९ या जपानी पाणबुडीने तिला गाठले. पहिल्या टॉर्पेडोनंतर बोट लगेच बुडाली नाही, म्हणून होड्यांत उतरलेल्यांपैकी काही जण परत वर चढले. मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० जीव गेले. दोन दिवसांनी एचएमएस बर्मिंगहॅमने बहुतेक वाचलेल्यांना उचलले आणि मुंबईला आणले. पोर्तुगीज गोव्यात, मुरगाव बंदरात आश्रयाला थांबलेले 'एरेनफेल्स' हे जर्मन जहाज दोस्तांच्या जहाजांची खबर बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना देते, असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले उतारवयाचे गोरे व्यापारी आणि कारकून 'फीबी' नावाच्या गाळवाहू बोटीतून मुरगावात शिरले. जर्मनांनी आपलेच जहाज बुडवून टाकले.

स्वतः बेटावर राहणाऱ्या जपानने या युद्धापासून सर्वांत कमी शिकावे, हे अनाकलनीय आहे. तेल, लोखंड, तांदूळ सारे समुद्रापलीकडून येत असूनही ताफ्यांची राखण पाहणारी मध्यवर्ती कचेरी तिथे उभी राहिली नोव्हेंबर १९४३ मध्ये. तोवर जपान तगला त्याला एक कारण अमेरिकेचे सदोष टॉर्पेडो. मार्क-१४ हा टॉर्पेडो ठरवल्यापेक्षा दहा फूट खोल जाई, आणि नेमका आदळला तरी पुष्कळदा फुटत नसे. जुलै १९४३ मध्ये टिनोसा या पाणबुडीने एका थांबलेल्या जपानी तेलवाहू जहाजावर एकामागून एक टॉर्पेडो मारले. ते नुसते आपटून पडत राहिले. दोष दुरुस्त झाल्यावर जपानची व्यापारी जहाजे इतक्या वेगाने गेली की बुडालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक टनभार एकट्या अमेरिकी पाणबुड्यांच्या नावावर आहे.

'तिलावा' बुडवणारी आय-२९ पुढे एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळ जर्मन यू-१८० ला भेटली आणि सुभाषचंद्र बोस यांना रबरी होडीतून घेऊन पूर्वेकडे गेली. नंतर ती फ्रान्सपर्यंत जाऊन आली. परतताना तिचे वेळापत्रक बिनतारी संदेशातून जात होते, आणि ते संदेश अमेरिकी वाचत होते. २६ जुलै १९४४ रोजी फिलिपिन्सच्या उत्तरेला बालिंतांग सामुद्रधुनीत सॉफिश ही अमेरिकी पाणबुडी तिच्या वाटेवर आधीच येऊन थांबली होती. आय-२९ पाण्याच्या वर होती. सॉफिशने चार टॉर्पेडो सोडले.